हुंगी सिस्टर

प्रयाग सिस्टर गल्लीत शिरायच्या आधी तिचं नाक शिरायचं. सकाळी दहाचा सुमार, बायका चुलीपुढं बसलेल्या, आणि ही बाई पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचून, हातात पत्र्याची पेटी घेऊन, मान वर करून घराघरापुढून हुंगत निघायची. दारापुढं थांबायची, दोन श्वास घ्यायची आणि पुढं जायची. एखाद्या घरापुढं मात्र तिसरा श्वास घ्यायची आणि कुणाला न विचारता आत घुसायची. "दाव लेकरू," एवढंच म्हणायची. गावानं तिचं नाव हुंगी ठेवलं होतं. तोंडावर सगळे तिला अहो-जाहो करत. मी इथं करणार नाही. मला तिचा राग होता, आणि तो इतकी वर्षं जपून ठेवायला मला बरेच कष्ट पडले आहेत.

माझ्या कुंदाच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल आहे. त्या डोळ्यानं तिला दिवस आणि रात्र एवढंच कळतं. ते फूल हुंगी सिस्टरच्या औषधानं पडलं असं आमच्या गावात लहान पोरंसुद्धा सांगतात. त्याबद्दल मला पुढं बोलायचंच आहे. आधी तिचं नाक काय हुंगत होतं ते सांगते.

गोवर हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. घरात बाई आल्यात, असं म्हणायचं. बाई आल्या की दाराला लिंबाचा डहाळा लावायचा, लेकराला अंधाऱ्या खोलीत निजवायचं, बाहेरच्या माणसाला येऊ द्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, आणि चुलीवर फोडणी घालायची नाही. तेलात मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला की बाईला तो सोसत नाही आणि ती कोपते. पण अंगावर पुरळ उठल्याची खबर तालुक्याला गेली की देवीचीच साथ समजून देवी टोचणारे लोक जीप घेऊन यायचे आणि सगळ्या गावाला रांगेत उभं करायचे. त्याला भिऊन लोक डहाळा दाराऐवजी आतल्या खोलीत खोचायला लागले. फोडणी घालायची छाती मात्र कुणाची झाली नाही. लिंबाचा डहाळा लपवता येतो, पण न घातलेली फोडणी लपवता येत नाही, हे अख्ख्या गावात एकट्या या बाईला सुचलं. ज्या घरातून फोडणीचा वास येत नाही त्या घरात गोवर, असा तिचा हिशेब होता आणि तो चुकत नसे.

मी बीडची, सातवी पास. तलवाड्याच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे सोसायटीचे चेअरमन होते. त्यांना मी मामंजी म्हणायची. बाकी सगळं गाव त्यांना चेअरमन म्हणायचं, सासूबाईसुद्धा. कुंदाचे वडील औरंगाबादला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचे. सिस्टरचा दवाखाना म्हणजे सोसायटीच्या गोदामातली एक खोली. कुंदा सहा-सात महिन्यांची असताना तिला सर्दी झाली म्हणून मी तिला तिथं घेऊन गेले. गावात नवी होते, चेअरमनची सून होते, म्हणून रांग सोडून पुढं गेले.

"ए बीडवाली," ती म्हणाली, "रांग दिसंना व्हय? डोळे हायत का बटनं शिवल्यात?"

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी मागं जाऊन उभी राहिले. पाऊण तासानं नंबर आला तेव्हा तिनं कुंदाचा जबडा बाजारात बैलाचे दात बघतात तसा दाबून उघडला, आत बोट फिरवलं, कानांच्या पाठीमागं बघितलं, आणि तिला माझ्या अंगावर जवळजवळ फेकलं.

"ध्यान दिऊन ऐक, शिकलेली हायस म्हून सांगते. नाक गळतंय, डोळं लाल हायत, कोरडा खोकला हाय, अन् ताप. हे सगळे एकदम आले म्हंजे ती दाराबाहेर हुबी हाय असं समजायचं. मंग गालाच्या आत बघायचं. मीठ सांडल्यावानी पांढरे कण दिसले की ती उंबऱ्यात आली. मंग कानाच्या पाठीमागून पुरळ निघतं, तोंडावर येतं, छातीवर, पोटावर, खाली पायापातूर जातं. तुमी बायका कधी बघता? पायापातूर गेल्यावर. हिला नुसतं नाक हाय. जा घरी."

एवढं सगळं तिनं मला फुकट शिकवलं आणि मी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. माझ्या कानात नुसतं बायकांचं हसणं होतं.

पुढं तिनं माझ्याकडून कामही करून घेतलं. देवी टोचलेल्या पोरांची यादी तालुक्याला पाठवायची होती आणि तिचं अक्षर म्हणजे कोंबडी पाय ओढत गेल्यासारखं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं माझं नाव सांगितलं. मी दोन दुपारी बसून स्वच्छ यादी लिहून दिली. तिनं कागद लांब धरून बघितला आणि म्हणाली, "अक्षर लई गोड हाय तुझं. तोंडबी असंच ठिव." आभार मानायची तिची हीच तऱ्हा. घरी येऊन मी दोन भांडी आपटली.

खरं सांगायचं तर बायका तिच्या तोंडाला कंटाळल्या होत्या, तरी रांग लावत होत्या. एकदा आमच्या शेजारच्या घरात तिसरा श्वास घेऊन ती घुसली तेव्हा त्या घरची म्हातारी आडवी झाली. "बाईचा कोप हुईल, हात लावू नको," म्हणाली. मी कुडाच्या फटीतून बघत होते. सिस्टर लिंबाच्या डहाळ्यापुढं वाकली, हात जोडले, मग म्हातारीला म्हणाली, "मी काय बाईला हाकलाया आले न्हाई. माझ्याबी मायच्या घरी लिंबागणेशला बाई आलती, दोन भाऊ नेले. मी बाईला म्हनते, आलीस तर बस, ऱ्हा चार दिस. पर जाताना रिकाम्या हातानं जा. तेवढ्यासाठी आले, सरक." म्हातारी सरकली. ते लेकरू वाचलं. ती पुढं त्या लेकरावरून म्हातारीला वर्षभर टोमणे मारायची, म्हणून उपकार कुणाच्या लक्षात राहिले नाहीत.

मामंजींचं आणि तिचं वाकडं त्या खोलीवरून आलं. दुष्काळ पडला, सरकारकडून मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पोती यायला लागली, आणि मामंजींना गोदामातली ती खोली पोत्यांसाठी हवी झाली. त्यांनी निरोप पाठवला. हिनं खोलीला आपलं कुलूप घातलं. पंचांपुढं बोलावलं तेव्हा उभ्यानंच म्हणाली, "चेअरमन, पोती भिजली तर वाळवता येत्यात. मला लेकरं वाळवाया लावू नका." मामंजींना असं बोललेलं त्यांच्या सख्ख्या भावाचंही खपत नसे. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातल्या माणसानं दवाखान्याची पायरी चढायची नाही असा हुकूम झाला. मला तो हुकूम आवडला, हे लपवत नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा गावात पहिली गोष्ट कुठली संपली असेल तर ती तेल. विहिरी त्याच्या नंतर आटल्या. माणसं तलवाड्याच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं मिळालेली सुकडी खायची, घरी मिलोची लाल भाकरी पाण्यात भिजवून मिठासंगं गिळायची. आमचं घर सोडलं तर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाही घरात फोडणी नव्हती. नाकावर जगणारी ही बाई गल्लीच्या मधोमध उभी राहायची, श्वास घ्यायची, पुन्हा घ्यायची. तिच्या लेखी सगळ्याच घरांत बाई आल्या होत्या. मी दारातून बघायची. मला त्यात गंमत वाटत होती.

गंमत संपायला वेळ लागला नाही. गावाबाहेर मेंढरंवाल्यांची वस्ती होती. पुरुष मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी गोदेकाठाकडे गेलेले, बायका खडीवर. त्यांच्यातलं एक वर्षाचं लेकरू गेलं. पुरळ पायापर्यंत पोचून काळं पडलं, छाती भात्यासारखी हलायला लागली, तेव्हा हिला कळलं. त्या दिवशी ती खडीच्या ढिगावर बसून होती, पेटी मांडीवर घेऊन. कुणाला काही बोलली नाही, शिवीसुद्धा दिली नाही, आणि त्याचीच बायकांना भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून तिनं नाक सोडलं आणि चमचा धरला. भर दुपारी रस्त्याच्या कामावर जायची. बाभळींना बांधलेल्या झोळ्यांतून आणि गोधड्यांच्या सावलीतून लेकरं निजलेली असायची. चमच्याच्या दांड्यानं एकेकाचा गाल उचलून आतलं मीठ शोधायची. "उजेडाकडं पाठ करून निजलेलं लेकरू आधी दाखवा मला," असं ओरडत फिरायची. त्या उन्हाळ्यात तिनं किती लेकरं वेळेवर धरली ते तिनंच मोजलं असेल तर असेल.

आमच्या घरचं कुणी खडीवर जात नव्हतं. आमच्याकडे तेलही होतं. सोसायटीच्या दुकानात माल आला की पहिला डबा कुणाच्या घरी जायचा हे सांगायला नको. एकदा टँकरपाशी तिनं मला गाठलं.

"बीडवाली, साऱ्या गावात तुज्या एकटीच्या घरची फोडणी ऱ्हायली बग. तेवढीच मला कळती आता," ती म्हणाली. "रोज सकाळी तुज्या दारावरनं जाते, ध्यान ठिवून हाय."

मी तोंड फिरवलं आणि घागर उचलली.

कुंदा दोन वर्षांची होती. आधीच दोन महिने हगवणीनं खंगलेली. तिला ताप आला, नाक गळायला लागलं, डोळे लाल झाले, कोरडा खोकला सुरू झाला. आणि ती माझा पदर ओढून तोंडावर घ्यायला लागली. मी तिला म्हणायची, अगं लाजतेस काय, इथं कोण आलंय? खरंच मला वाटत होतं की पोर लाजते आहे. दारातून ऊन आलं की भिंतीकडे तोंड करायची आणि मी हसायची. नाक, डोळे, खोकला, ताप, हे सगळं तिनं मला रांगेत उभं करून शिकवलेलं होतं, आणि उजेडाचं तर ती साऱ्या खडीवर ओरडून सांगत होती. गालाच्या आत मी बघितलंच नाही. सोमवारी सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिच्या कानांच्या पाठीमागं पुरळ बघितलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "बाई आल्या."

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्या घरी कारखान्याची मंडळी यायची होती. तालुक्यात सहकारी साखर कारखाना काढायचा घाट घातला होता आणि मामंजींना संचालक मंडळात बसायचं होतं. बाई आलेल्या घरात पाहुणे पाय ठेवत नाहीत. आणि हुंगीला कळलं तर ती भर चौकात बोंब मारणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"शुक्रवारपातूर ह्या घरातून ब्र भाईर जाता कामा नये," मामंजी म्हणाले.

"पर फोडणी?" आत्याबाई म्हणाल्या. "मी घरात घालू द्यायची न्हाई."

"घरात नका घालू. मागं गोठ्यापाशी दोन दगड मांडा अन् रोज दहा वाजता तिथं घाला. तिला काय, वास आला की झालं."

ते काम माझ्यावर आलं. सोमवारपासून मी रोज दहाच्या सुमाराला गोठ्यामागं दगडांच्या चुलीवर कढई ठेवायची, तेल तापवायची, मोहरी, मिरच्या टाकायची आणि पदरानं धूर गल्लीकडे वारायची. आत पोर तापानं फणफणलेली आणि मी बाहेर कुणाच्याच ताटात न जाणारी फोडणी घालत बसलेली. भिंतीआडून तिची पेटी वाजलेली ऐकू यायची. पेटी थांबायची. एक श्वास, दोन श्वास, आणि पुढं. मंगळवारी मात्र ती जरा जास्त वेळ थांबली. तिसरा श्वास तिनं घेतलेला मला स्पष्ट ऐकू आला. मग पेटी हलली आणि पुढं निघून गेली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो आठवला की आजही अन्न गोड लागत नाही. हुंगीला फसवलं, असं मी मनात म्हणाले. बुधवारी आणि गुरुवारी ती थांबलीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी कुंदाचे डोळे चिकटले होते. मी कोमट पाण्यानं पुसून पापणी उघडली तर ती किंचाळली. डाव्या डोळ्यातलं बुबुळ काचेवर फुंकर मारल्यासारखं धुरकट झालं होतं. मी आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आजचा दिस जाऊ दे." ओट्यावर सतरंज्या अंथरल्या जात होत्या. पाहुण्यांचा स्वयंपाक गोदामात आचारी करत होते. मामंजी नवं धोतर नेसून दारात उभे.

मी कढई, तेल, मिरच्या घेऊन गोठ्यामागं गेले. दगडांपुढं बसले. काडेपेटी हातात होती. चेअरमनची सून दवाखान्यात पळत जाऊ शकत नव्हती. गेले असते तर परत उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, आणि खरं म्हणजे एवढी हिंमतही माझ्यात नव्हती. मला फक्त एकच गोष्ट करता येत होती. मी काडी ओढली नाही. तशीच बसून राहिले, पेटीचा आवाज ऐकत.

पेटी आली. थांबली. एक, दोन, तीन. मग मला पळणारी पावलं ऐकू आली.

ती आमच्या पुढच्या दारानं आली, पायातल्या चपलांसकट. ओट्यावर पाहुणे नुकतेच टेकले होते, त्यांची जीप दाराशी उभी होती. "कुटं चालल्या?" म्हणून मामंजी आडवे झाले. तिनं त्यांना हातानं बाजूला केलं, खरोखर हातानं. आतल्या खोलीत येऊन कुंदाची पापणी उघडून बघितली. पेटीतून पिवळं औषध काढून तिच्या जिभेवर सोडलं. मग माझ्या लुगड्यात तिला गुंडाळून खांद्यावर घेतलं, ओट्यावरून चालत गेली आणि थेट जीपमध्ये बसली.

"ड्रायव्हर, बीड."

ड्रायव्हरनं पाहुण्यांकडे बघितलं. त्यातल्या मुख्य पाहुण्यानं मामंजींकडे बघितलं.

"साहेब, चेअरमनच्या घरात गोवर हाय," ती मोठ्यानं म्हणाली, तो शब्द तसाच उच्चारून. "नातीचा डोळा चाललाय. तुमची मीटिंग हुईस्तोवर ठिवू का जाऊ?"

"जा, जा," ते म्हणाले आणि उठून उभेच राहिले. मी अनवाणी धावत जीपमध्ये चढले. मामंजींकडे बघायची माझी छाती झाली नाही.

गेवराई येईपर्यंत ती कुंदाचं तोंड आपल्या छातीशी धरून धुळीपासून, उजेडापासून झाकत होती. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "चार दिस फोडणी कुणी घातली?"

"मी."

तिनं कुंदाच्या डोळ्यांवर लुगडं आणखी ओढून घेतलं. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बीडच्या दवाखान्यात आम्ही बारा दिवस होतो. कुंदा वाचली. सिस्टरनं घरीच पाजलेल्या पिवळ्या औषधानं उजवा डोळा वाचला, असं तिथले डॉक्टर म्हणाले. डाव्यात फूल राहिलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामंजींनी मला ओट्यावर बोलावलं. संचालक मंडळात त्यांचं नाव आलं नव्हतं. समोर कागद, दौत. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले: सदर सिस्टर अर्वाच्य बोलते, चपला घालून देवघर असलेल्या घरात शिरते, आणि तिने चुकीचे औषध पाजल्यामुळे आमच्या नातीचा डावा डोळा कायमचा गेला आहे, तरी तिची तातडीने बदली व्हावी. कुणी माझा हात धरला नव्हता. मी ते वाक्य झोकात, वळणदार लिहिलं. खरं लिहायचं झालं असतं तर त्या जागी माझं नाव लिहावं लागलं असतं. आणि तिचा राग माझ्याजवळ आधीचा होताच, तो कामी आला. खाली गावातल्या साठ-सत्तर माणसांचे अंगठे आणि सह्या पडल्या. दवाखान्याच्या रांगेतल्या बायकांचेही अंगठे होते.

तिची बदली दिंद्रुडकडे झाली. जायच्या दिवशी सकाळी ती आमच्या मागच्या बाजूला, गोठ्यापाशी आली. ते दोन दगड अजून तिथंच होते, काळे झालेले. मी शेण भरत होते. ती दगडांकडे बघत उभी राहिली.

"अर्ज तालुक्याच्या डागदरसायबानं वाचून दावला मला," ती म्हणाली. "अक्षर वळखलं मी."

मी पाटी खाली ठेवली.

"तुला एक सांगाया आले. मंगळवारीच कळलतं मला. तुज्या फोडणीत मिरची करपलेली हुती अन् तिच्या मागून भाजीचा वास न्हाई, वरणाचा न्हाई. कुणीतरी नुसतं तेल जाळाया लागलंय, एवढं न कळायला माझं नाक काय मेलं न्हाई. पर म्हनलं, चेअरमनचा उंबरा. कोण तोंड वाजवील त्याच्यासंगं. मरंना म्हनलं, अन् गेले म्होरं." तिनं नाकावरून पदर फिरवला. "तीन दिस. मंगळ, बुध, गुरू. तेवढे माजे. बाकीचे तुजे. बाई तुज्या घरून रिकाम्या हातानं गेली न्हाई बग."

एवढं बोलून ती पेटी उचलून गेली. माफी मागितली नाही आणि मला मागूही दिली नाही. मला तिचा इतका संताप आला की मी ते दगड उचलून ओढ्यात नेऊन टाकले. आपला राग ज्या माणसावर आहे त्यानं येऊन आपला वाटा उचलून घ्यावा, ही काय रीत झाली? उरलेला वाटा मग मी कुणाच्या डोक्यावर ठेवायचा?

गावाला तो अर्ज पुरला. कुंदा मोठी झाली ती हेच ऐकत की हुंगी सिस्टरनं तिचा डोळा खाल्ला. डोळ्यावरून तिची दोन स्थळं मोडली तेव्हा तिनं त्या बाईला नाव घेऊन शिव्या दिल्या, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होते. मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, खरं माहीत असलेलं माणूस गावात मी एकटी उरले. मधल्या काळात गोवराची सुई आली, रांगा लागल्या, फोडणीचं कुणी मनावर घेईना. तरी मी घरात आलेल्या कुणाच्याही लेकराचा जबडा दाबून गालाच्या आत बघते. नाक, डोळे, खोकला, ताप, गालात मीठ, कानांच्या पाठीमागं. माझ्या सुनांना ते आवडत नाही. मागं त्या मला काय म्हणत असतील त्याचा मला अंदाज आहे.

कुंदा गावातच पिठाची गिरणी चालवते. मागच्या महिन्यात दिंद्रुडकडे दिलेली आमच्या गावची एक बाई माहेरी आली होती, ती गिरणीवर दळण घेऊन आली. तिनं सांगितलं की प्रयाग सिस्टर वारली. खूप म्हातारी झाली होती, शेवटी वाससुद्धा येत नव्हता म्हणे. कुंदा पीठ झटकत घरी आली. मी चुलीपुढं होते.

"आई, ऐकलं का? हुंगी मेली," ती म्हणाली. "माझा डोळा खाऊन लई दिस जगली रांड."

माझ्या कढईतली मिरची करपली. ठसक्यानं दोघी खोकायला लागलो. मी कढई खाली उतरवली आणि कुंदाला समोर बसवून पहिल्यापासून सांगितलं. गोठ्यामागचे दगड, चार दिवसांची फोडणी, जीप, अर्ज. ती उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. सांगून झाल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "अर्ज तुज्या हातचा?"

"हो."

ती उठून गेली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी गिरणीवरून येताना एक नवी वही आणली, माझ्यापुढं टाकली.

"तसाच दुसरा लिव," म्हणाली. "नाव घालून. मी गिरणीवर सगळ्यांना वाचून दावणार हाय."

म्हणून हे लिहिलं. अक्षर आता थरथरतं, पण ओळखू येईल. तिचं नाव प्रयाग होतं. तिचं तोंड वाईट होतं, मला ती कधी आवडली नाही. तिच्या औषधानं माझ्या मुलीचा एक डोळा राहिला. फोडणी मी घातली होती.